कोपऱ्यातले 25 फूट

आमच्या सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलं की डाव्या हाताला दूध डेअरी आणि समोर, रस्त्यापलीकडे, शाळेची रिक्षा थांबते ती जागा. मधला रस्ता जेमतेम 9 मीटरचा. तरी रोज सकाळी तो ओलांडताना मी नातीचं मनगट घट्ट धरते, कारण गल्लीच्या तोंडाशी कायम एक छोटा हत्ती उभा असतो. त्याच्या आडून येणारी गाडी मला दिसत नाही आणि तिच्या चालकाला मी दिसत नाही. आम्ही आधी टेम्पोच्या नाकापर्यंत जातो, मान बाहेर काढून बघतो आणि मग निघतो. नात साडेतीन फुटांची आहे. मान काढूनही तिला काही दिसत नाही.

रस्ते अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महामार्ग आणि ट्रक येतात. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे रोज साधारण 90. हे सगळे काही गल्लीच्या कोपऱ्यावर गेले असं मी म्हणत नाही. पण घराजवळचा रस्ता हा माणूस सगळ्यांत जास्त वेळा ओलांडतो, आणि लहान मुलं नि म्हातारी माणसं तर बहुतेक तेवढाच ओलांडतात. त्यांच्यासाठी रस्ता सुरक्षित करायचा तर सुरुवात त्याच कोपऱ्यापासून करावी लागते. तशी सुरुवात एका गावाने केली आणि ती तडीस नेली. त्या गावाची ही गोष्ट.

गाव

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातलं होबोकेन. हडसन नदीच्या पश्चिम काठावर, बरोब्बर न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटनच्या समोर. जर्सी सिटी, होबोकेन या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत. सकाळी पाथ रेल्वेने नदीखालून पलीकडे कामाला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा त्यांचा दिवस. माझी धाकटी लेक त्यांतलीच, आणि तिच्याकडे तीन महिने राहिले तेव्हा हे गाव मी पायी पाहिलं.

अमेरिका म्हटल्यावर आपल्याला वाटतं तसं ते पसरलेलं नाही. जमीन सव्वा चौरस मैल, म्हणजे 3.2 चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 60 हजारांवर. दर चौरस किलोमीटरला 18 हजारांहून जास्त माणसं. एकाला लागून एक घरं, खाली दुकानं, अरुंद रस्ते, आणि दोन्ही कडांना इंचभर जागा न सोडता लावलेल्या गाड्या. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाला तिथे पार्किंगवरून होणारी भांडणं समजावून सांगावी लागत नाहीत.

या गावात जानेवारी 2017 नंतरची सात वर्षं, म्हणजे 2024 च्या सुरुवातीपर्यंत, वाहन अपघातात कुणाचा मृत्यू झाला नाही. पायी चालणारा नाही, सायकलवाला नाही, गाडीत बसलेलाही नाही.

हे आपोआप झालं नाही. रवी भल्ला तिथे नगरसेवक असताना 89 वर्षांच्या एक आजी रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने गेल्या. त्या मृत्यूचा त्यांच्या मनावर परिणाम झाला. जानेवारी 2018 मध्ये ते महापौर झाले, न्यू जर्सीतले पहिले शीख महापौर. 2019 मध्ये त्यांनी ‘व्हिजन झिरो’ हे धोरण शहरासाठी स्वीकारलं. ही कल्पना मूळ स्वीडनची, तिथल्या संसदेने 1997 मध्ये मान्य केलेली. तिचं सूत्र असं की माणूस चुकणारच. रस्ता असा बांधायचा की त्या चुकीची किंमत जिवाने मोजावी लागू नये. होबोकेनने 2021 मध्ये कृती आराखडा काढला आणि 2030 पर्यंत मृत्यू व गंभीर जखमा दोन्ही संपवायचं उद्दिष्ट ठेवलं. कोपरे मोकळे करायचं काम मात्र त्याच्या बऱ्याच आधीपासून, थोडं थोडं, चालू होतं.

कोपरा मोकळा केला म्हणजे काय केलं

न्यू जर्सीचा कायदा सांगतो की पादचारी पट्ट्यांपासून 25 फुटांच्या आत गाडी उभी करायची नाही. 25 फूट म्हणजे 7.6 मीटर. नियम जुनाच होता आणि कुणी पाळत नव्हतं. गाडी लावायला जागा नाही, कोपरा मोकळा दिसतोय, दोन मिनिटांचंच काम आहे. हे संवाद जगात सगळीकडे सारखेच.

होबोकेनने तो नियम पाटीवरून उचलून रस्त्यावर आणला. कोपऱ्यांवर पांढऱ्या रंगाने जागा आखली आणि तिच्या कडेने लवचीक प्लास्टिकचे उभे खांब बसवले. आता तिथे गाडी घुसतच नाही. काही कोपऱ्यांत सायकलींचे स्टँड बसवले. सायकल ठेंगणी आणि आरपार दिसणारी असल्याने तिच्यामुळे नजर अडत नाही, आणि जागा कामाला लागल्यामुळे कुणी ती ‘रिकामी’ म्हणून बळकावत नाही. वॉशिंग्टन स्ट्रीट हा तिथला मुख्य बाजाररस्ता. त्याच्या कामात पदपथच कोपऱ्यावर पुढे आणून पक्का बांधला आणि काही ठिकाणी त्यात पावसाचं पाणी मुरवणाऱ्या बागा केल्या. हे गाव सखल आहे आणि 2012 च्या सँडी वादळात त्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. एकाच खर्चात पूर आणि अपघात या दोन्हींवर उपाय झाल्यामुळे त्या कामाला दोन्हीकडून पाठिंबा मिळाला.

या उपायाला तिकडे ‘डेलायटिंग’ म्हणतात, म्हणजे कोपऱ्यावर उजेड आणणं. मी त्याला कोपरा मोकळा करणं म्हणते.

हा साधा उपाय इतका परिणामकारक का, हे मला कागदावर आकृती काढल्यावर नीट कळलं. पदपथाच्या कडेला उभी आहात असं धरा. शेजारची गाडी तुमच्यापासून लांबीने फक्त 1 मीटरवर आहे आणि तिची बाहेरची बाजू कडेपासून 2 मीटर आत रस्त्यात आली आहे. येणारी वाहनं कडेपासून साडेतीन मीटरवरून धावतात. आता त्या गाडीच्या कोपऱ्याला घासून नजरेची रेघ काढली, तर धावत्या वाहनाच्या मार्गावर ती पावणेदोन मीटर अंतरावर जाऊन टेकते. तेवढंच दिसतं. गाडी 7.6 मीटर मागे सरकली, की तीच रेघ 15 मीटरवर टेकते. आणि पदपथच 2 मीटर पुढे आणला, तर तुम्ही उभ्या गाड्यांच्या बाहेरच्या रेषेत येता. मग मध्ये काही उरतच नाही, अख्खा रस्ता दिसतो. शिवाय ओलांडायचं अंतर एका बाजूने 2 मीटरने आणि दोन्ही बाजूंनी केलं तर 4 मीटरने कमी होतं. ज्या आजीला 9 मीटर चालायचे होते तिला आता 5 चालायचे आहेत.

चालकाच्या बाजूनेही हेच गणित उलटं लागू होतं. त्याला माणूस 15 मीटर आधी दिसला तर तो पाय ब्रेकवर नेऊ शकतो. पावणेदोन मीटरवर दिसला तर कितीही सज्जन आणि सावध चालक असला तरी तो काही करू शकत नाही. आपल्याकडे अपघात झाला की लोक चालकाला मारायला धावतात. त्या कोपऱ्यावर गाडी लावून गेलेला तिसरा माणूस तोवर भाजी घेऊन घरी पोहोचलेला असतो.

वेग

दुसरं काम 2022 मध्ये झालं. शहरातली वेगमर्यादा ताशी 25 मैलांवरून 20 मैलांवर आणली, म्हणजे 40 किलोमीटरवरून 32 वर. फरक 8 किलोमीटरचा, आणि ऐकणाऱ्याला वाटतं याने काय होणार.

हिशोब करून पाहू. माणूस दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरू, आणि रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. ताशी 32 च्या गाडीचे त्या दीड सेकंदात 13 मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर आणखी साडेपाच-सहा. एकूण सुमारे 19 मीटरवर ती थांबते. ताशी 40 च्या गाडीचे दीड सेकंदातच जवळजवळ 17 मीटर गेलेले असतात. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली त्या जागी दुसरी अजून ताशी 34 च्या वेगात असते. म्हणजे एका गाडीपुढचा माणूस दचकून मागे सरकतो, आणि दुसरीपुढच्याला तेवढ्या वेगाची धडक बसते. हे मी स्वतः मांडून पाहिलं आणि दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

दोन उपाय एकत्र का लागतात तेही इथे दिसतं. मोकळा कोपरा 15 मीटर दाखवतो आणि ताशी 32 च्या गाडीला थांबायला 19 लागतात. उरलेले चार मीटर पुढे आणलेला पदपथ भरून काढतो, किंवा पादचाऱ्याने पुढे टाकलेलं एक पाऊल. ताशी 50-60 च्या गाडीपुढे मात्र असे कितीही कोपरे मोकळे करा, पुरत नाहीत. आपल्याकडे 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेने पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल 70 किलोमीटरची मुभा दिली होती. राज्य आणि पोलीस ती खाली आणू शकतात. वस्तीतल्या रस्त्यांसाठी ती सरसकट खाली आणायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

सिग्नलवरचा एक बदलही सांगते, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही. पादचाऱ्याचा हिरवा दिवा वाहनांच्या हिरव्या दिव्यापेक्षा काही सेकंद आधी लागतो. वळणारी गाडी निघेपर्यंत माणूस रस्त्याच्या मध्यावर, चालकाच्या ऐन नजरेसमोर आलेला असतो. लेकीच्या घराजवळच्या चौकात मी हे रोज अनुभवत होते आणि पहिला आठवडाभर कारण लक्षात न येताच मला तिथे कमी भीती वाटत होती.

पैसे आणि पार्किंग

या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मला कामाच्या क्रमात सापडली. होबोकेनने सगळे चौक एकदम हाती घेतले नाहीत. दरवर्षी काही रस्त्यांचं डांबरीकरण होतंच. ज्या रस्त्यावर नवं डांबर पडणार, त्याचे पट्टे तसेही नव्याने आखावे लागतात. त्याच वेळी कोपरे आखायचे आणि खांब बसवायचे. वेगळी निविदा, वेगळं खोदकाम, वेगळा वाहतूक बंद, काही नाही. निधी मिळाला की पुढे त्याच जागी सिमेंटचं पक्कं काम करायचं. खांबांनी आधी आखून ठेवल्यामुळे कचरागाडी वळते का, अग्निशमनाची गाडी वळते का, हेही पक्क्या कामाच्या आधी कळतं. खांब लवचीक असल्याने बंबाला वेळ पडली तर तो त्यांवरून जाऊ शकतो.

पार्किंगवरून तिथेही लोक चिडले, चिडणारच. गावात गाडी लावायला आधीच जागा मिळत नव्हती आणि पालिका आणखी काढून घेते आहे, असं दिसत होतं. पण प्रत्येक कोपऱ्यावर गेलेली जागा कायद्याने पार्किंगची कधीच नव्हती. लोकांच्या हातून गेली ती सवय. हा मुद्दा पालिकेच्या बाजूने भक्कम होता, आणि दरवर्षी थोडंच काम होत असल्याने विरोधही एकदम सगळीकडून उसळला नाही.

शंका

आता या गोष्टीवर रास्त शंका घेता येतात आणि मी त्या घेतल्या.

पहिली अशी, की एवढ्याशा गावात मृत्यू तसेही कमी असणार, मग सात वर्षांचं शून्य नशिबाचं नसेल कशावरून? समजा आधी सरासरी वर्षाला एक मृत्यू होत होता. तर सात वर्षं नुसत्या योगायोगाने शून्य राहण्याची शक्यता हजारात एकाहून कमी निघते. समजा दोन वर्षांत एकच होत होता, तर ती शंभरात तीन. म्हणजे नशीब पूर्णपणे बाजूला सारता येत नाही, पण त्याच्या माथी सगळं श्रेय टाकणंही अवघड आहे. किरकोळ अपघात तिथे आजही होतात, माणसं जखमी होतात. गाव छोटं, रस्ते अरुंद, चौकाचौकांत थांबण्याच्या पाट्या, आणि बरीचशी जनता रेल्वेने कामाला जाणारी. याचाही वाटा आहेच.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक विभागाने 2025 च्या सुरुवातीला अहवाल दिला की नुसत्या पाटीने मोकळे ठेवलेले कोपरे सुरक्षेत फरक पाडत नाहीत. उलट वळणावर जागा मोकळी मिळाली की चालक ते वळण जास्त वेगात कापतो, अशी त्यांची भीती. या अहवालावर तिथे मोठा वाद झाला. मला त्यातून घ्यावंसं वाटतं ते हे, की मोकळ्या कोपऱ्यात काहीतरी ठेवलंच पाहिजे. खांब, सायकलींचा स्टँड, झाडांचं कमी उंचीचं आळं, काहीही, फक्त गाडी नको आणि नजर अडवणारं नको. वळणाची त्रिज्या आवळली गेली की गाडी आपोआप हळू होते. कॅलिफोर्नियाने पट्ट्यांपूर्वीच्या 20 फुटांत पार्किंगला बंदी केली आणि 2025 पासून दंड सुरू केला, पण दंड आकारायला रोज माणूस लागतो. खांब एकदा बसवला की तो रात्री दोन वाजताही तिथेच असतो.

आपल्या गल्लीत

पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. कागदावर ते चांगलं आहे आणि काही मोठ्या रस्त्यांवर त्याचा परिणाम दिसतोही. वस्तीतल्या कोपऱ्यावर मात्र वेगळंच चित्र असतं. पट्टे आखल्यापासून दोन पावसाळ्यांत पुसट होतात. कोपऱ्यावर महावितरणचा डीपी, त्याला टेकून वाढदिवसाचा फ्लेक्स, पुढे हातगाडी, मग दुचाकींची रांग. आपल्या वाहतूक नियमांतही पट्ट्यांवर आणि चौकाजवळ गाडी लावायला बंदी आहेच. पण पट्टे आखायचं काम पालिकेच्या पथ विभागाचं आणि गाडी उचलायचं काम वाहतूक पोलिसांचं, त्यामुळे एकाकडे तक्रार घेऊन गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

होबोकेनचं सगळं इथे उचलून आणता येणार नाही. आपली मुख्य अडचण दुचाकी आहे. ज्या दोन खांबांमधून चाकांची खुर्ची जाऊ शकते, त्यांतून स्कूटरही जाते. मोठ्या माणसाची नजर स्कूटरच्या सीटवरून पलीकडे पोहोचते, पण साडेतीन फुटांच्या पोरीची नाही. म्हणून कोपरा आखून खांब लावले, तरी आतला भाग पदपथाच्या उंचीला आणणं आपल्याकडे लवकर करावं लागेल. हातगाडीवाल्यालाही हुसकावून चालणार नाही. त्याला कोपऱ्यापासून आठ मीटर आत, आखलेली जागा द्यावी लागेल. भाजीची गाडी आठ मीटर आत गेल्याने तिचं गिऱ्हाईक तुटत नाही.

आणि गतिरोधक. आपल्याकडे कुठेही अपघात झाला की पहिली मागणी गतिरोधकाची होते, आणि तो रातोरात येतोही, बिनरंगाचा, पाठीचे मणके खिळखिळे करणारा. त्याने वेग कमी होतो हे खरं, पण टेम्पोआडून काही दिसत नाही ते नाहीच. करायचंच असेल तर पट्ट्यांसकट रस्त्याचा तेवढा भागच पदपथाच्या उंचीपर्यंत उचलावा. गाडी हळू होते, आजीला पायरी उतरावी लागत नाही, आणि पावसाचं पाणी पट्ट्यांवर साचत नाही. गटाराच्या जाळ्या मात्र आधी नीट बसवून घ्याव्या लागतात, नाहीतर पाणी दुकानांत शिरतं आणि दुसऱ्याच आठवड्यात लोक ते उखडायला लावतात.

परत आल्यावर एका रविवारी सकाळी मी टेप आणि खडू घेऊन आमच्या कोपऱ्यावर गेले. नातीने टेपचं एक टोक धरलं. 7.6 मीटर मोजले. त्या लांबीत एक छोटा हत्ती आणि चार दुचाकी उभ्या होत्या. आमच्या कोपऱ्याचा सगळा त्याग एवढाच.

टेम्पोवाला तिथेच चहा पीत होता. मी त्याला म्हटलं, “दादा, इथे उभं राहून बघा ना, या पोरीला काय दिसतं ते.” तो खरंच खाली बसला, तिच्या उंचीला आला, आणि थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काकू, मी उद्यापासून पुढे लावतो. पण मी हललो की दुसरा येऊन लावणार बघा.”

दुसऱ्या दिवशी त्याने टेम्पो पुढे लावला. नऊच्या सुमाराला त्या जागी एक पांढरी मोटार येऊन उभी राहिली.

क्षेत्रीय कार्यालयात दिलेल्या अर्जात मी टेम्पोवाल्याचं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. सोबत आकृती जोडली आहे, अंतरं लिहून. आमच्या रस्त्याचं डांबरीकरण होणार असल्याची चर्चा आहे, म्हणून मागणीही तेवढीच केली: डांबर पडेल त्याच दिवशी पट्टे पुन्हा आखा, आणि कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा खांब बसवा.